छापखान्याच्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

वेबकॉमिकवर पोट कसं चालतं, हा प्रश्न लग्नकार्यात मला हमखास विचारला जातो. कॉमिक फोनवर फुकट वाचायला मिळतं म्हटल्यावर तो रास्तच आहे. २०१३ साली पॅट्रिऑन ही वेबसाइट आली आणि वाचकांना आवडत्या चित्रकाराला दरमहा पैसे पाठवायची सोय झाली. पण माझ्या वाचकांना वर्गणीपेक्षा हातात धरता येणारं पुस्तक विकत घेणं पटतं. म्हणजे माझं घर चालतं ते पुस्तकांवर आणि अधूनमधून मिळणाऱ्या जाहिरातींच्या चित्रांवर. ती पुस्तकं तुमच्यामुळे झाली, हे चारचौघांत सांगायचं राहून गेलं होतं.

मी आले होते हजार प्रतींचा दर विचारायला. ऑफसेटला, म्हणजे प्लेटांवरून छापायच्या पद्धतीत, प्लेटा आणि मशीन लावायचा खर्च शंभर प्रतींना तेवढाच, हजारांनाही तेवढाच. तेव्हा जास्त छापा, स्वस्त पडेल, असं सगळे सांगत होते. हिशेब खराच होता. तुम्ही एवढंच विचारलंत, "गठ्ठे ठेवणार कुठे?" मग म्हणालात, "आधी डिजिटलवर दोनशे काढ, तिथे प्लेटा लागत नाहीत. संपल्या तर ये." वर पलीकडच्या गल्लीतल्या डिजिटलवाल्याचा नंबरही दिलात. दारात आलेलं गिऱ्हाईक असं कोण दुसऱ्याकडे धाडतं?

त्याच दिवशी तुम्ही फाइल उघडायला लावलीत. फोनसाठी ठेवलेलं ८०० पिक्सेल रुंदीचं चित्र ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, छापलं तर पावणेतीन इंचसुद्धा भरत नाही, हे कॅल्क्युलेटरवर करून दाखवलंत. मोठ्या मूळ फाइली घरी होत्याच. पण खरी गंमत पुढे होती. माझं कॉमिक वरून खाली सरकवत वाचायचं. शेवटची चौकट अंगठा सरकल्याशिवाय दिसत नाही. तुम्ही रद्दी कागदांची सोळा पानी डमी दुमडलीत, चौकटींचे प्रिंटआउट चिकटवलेत आणि म्हणालात, "हा विनोद उजव्या पानावर तळाला आहे. पान उघडल्या उघडल्या डोळा तिथे जाणार. पुढच्या डाव्या पानावर घे, उलटल्यावर दिसू दे." फोनवर एकही कॉमिक न वाचलेल्या माणसाने हे सांगावं! त्या दुपारी निम्म्या पुस्तकाची मांडणी बदलली. आज मी नवा भाग काढतानाच पान कुठे उलटेल ते ठरवते.

दोनशे संपल्या आणि मी परत आले. दिवाळी अंकांचे फर्मे, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचे गट, मशीनवर चढलेले, तुम्हाला जेवायला उसंत नव्हती, तरी मधल्या एका रात्री माझं काम बसवलंत. प्लेटा काढण्याआधी अक्षरांचा काळा तपासलात. तो चार रंगांच्या शाया मिसळून झालेला होता. रजिस्टर, म्हणजे रंगावर रंग नेमका बसणं, केसभर जरी हललं, तरी अनुस्वाराला गुलाबी सावली पडते, म्हणून सगळी अक्षरं नुसत्या काळ्या शाईवर घ्यायला लावलीत. कागदाचे पैसेही प्रती विकल्यावर घेतलेत. ते तुम्ही कुणाला सांगू नको म्हणाला होतात, पण आता सांगून झालं.

नव्या पुस्तकाची पीडीएफ परवा पाठवली आहे. काळा तपासलाय, कडेला ब्लीड, म्हणजे कापताना जाणारं जास्तीचं चित्र, सोडलंय, पानं सोळाच्या पटीत आहेत. यंदा हजार छापूया; गठ्ठ्यांसाठी भावाची खोली रिकामी करून घेतलीय. तेवढा दिवाळी अंकांच्या आधीचा नंबर लावा.

तुमची,
कॉमिकवाली