लोडर यंत्राची चेन वाचवून दिलेल्या तळोज्याच्या मिस्त्रीकाकांस जाहीर आभारपत्र

आदरणीय मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्याआधीची नालेसफाई ऐन भरात असताना आमचा स्किड स्टीअर लोडर (पुढे बकेट असलेले छोटे चारचाकी यंत्र; कंपनी कोणतीही असो, साइटवर त्याला सगळे बॉबकॅटच म्हणतात) पुढेमागे घेताना उजव्या बाजूने खाडकन आवाज करून हिसका देऊ लागला. चाके फिरवणाऱ्या चेनच्या जागी नवी बसवायची म्हणून तिचे दरपत्रक हातात घेऊनच आम्ही तळोज्याला आपल्या शेडमध्ये आलो होतो. आपण ते बाजूला ठेवून आधी यंत्र पाहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आपण दाखवलेल्या गोष्टी कळंबोली-तुर्भ्याच्या इतर यंत्रमालकांनाही उपयोगी पडतील, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

बकेट खाली टेकवून, इंजिन बंद करून, फ्रेमखाली भक्कम ठोकळे लावल्याशिवाय आपण चाकाला हात लावू दिला नाहीत. मग चाक हाताने मागेपुढे हलवून किती खेळ आहे ते दाखवलेत. चेनकेसचे, म्हणजे चेन ज्या बंद पेटीत फिरते तिचे, तेल काढले तेव्हा ते दुधाळ निघाले, आणि त्यातून फिरवलेल्या लोहचुंबकाला काळा, करकरीत लगदा चिकटला. भरतीच्या वेळी खाडीचे खारे पाणी नाल्यात चढते आणि झिजलेल्या ॲक्सल सीलमधून (चाकाच्या दांड्याभोवतीच्या, तेल-पाणी अडवणाऱ्या कड्यातून) आत शिरते, हे आपले निदान सील उघडताच खरे ठरले.

चेनची लांबी वाढते ती पोलाद ताणल्यामुळे नव्हे, तर कड्यांच्या सांध्यातली प्रत्येक पिन आणि तिच्याभोवतीचे बुश (नळी) थोडे थोडे झिजल्यामुळे, हे सांगून आपण 80 नंबरच्या चेनच्या 12 कड्या ताणून मोजल्यात. नव्या चेनमध्ये हे माप 304.8 मिलिमीटर असते आणि 3 टक्के वाढ, म्हणजे सुमारे 314 झाले की चेन बाद. आमची 308 भरली. त्यामुळे ॲक्सल सरकवून ताण देण्यावरच भागले. तोही बेताचा, कारण जास्त घट्ट चेन बेअरिंग आणि स्प्रॉकेटचे (चेनच्या दातेरी चाकाचे) दात खाते.

मला सर्वांत मोलाची वाटली ती टायरची गोष्ट. एका बाजूची दोन्ही चाके एकाच मोटरला चेनने जखडलेली असल्यामुळे ती सारख्याच वेगाने फिरतात. तेव्हा पुढे नवा आणि मागे गुळगुळीत टायर असला, तर परिघातला फरक रस्त्यावर घासूनच भागतो आणि तो ताण चेन सोसते. यंत्र विकत घेतले तेव्हापासून उजवीकडे अशीच विजोड जोडी होती, आणि ती आपण टेप लावून उघडी पाडलीत. आता एका बाजूचे दोन्ही टायर आम्ही एकदमच बदलतो.

मजुरी आपण फारच कमी घेतलीत, हे माझे मत कायम आहे. डाव्या बाजूचे तेल सफाईचे काम संपताच काढायचे आहे. यंत्र आपल्याकडेच आणू.

आपला कृतज्ञ,
एक यंत्रमालक, कळंबोली