कॉन्ट्रास्टपूर्वी रोजच्या गोळ्यांची चौकशी व्हावी

संपादक महोदय,

सीटी स्कॅनमध्ये आतील अवयव स्पष्ट दिसावेत म्हणून शिरेतून जे आयोडीनयुक्त औषध, म्हणजे कॉन्ट्रास्ट, टोचतात, त्याचा रुग्णाच्या रोजच्या औषधांशी येणारा संबंध पुण्यातील तपासणी केंद्रांनी अधिक गांभीर्याने घ्यावा, एवढ्यासाठी हे पत्र. औषधांच्या दुकानात आयुष्य गेल्यामुळे शेजारीपाजारी अजूनही मला विचारायला येतात. त्यांच्या हातातील संमतिपत्रांत ॲलर्जी, दमा, गर्भधारणा यांची विचारणा असते. चालू औषधांसाठी मात्र बहुधा एखादीच रिकामी ओळ, आणि तीही इंग्रजीत.

मधुमेहावरील मेटफॉर्मिन स्वतः मूत्रपिंड बिघडवत नाही; परंतु ते मूत्रपिंडावाटेच शरीराबाहेर पडत असल्याने, कॉन्ट्रास्टनंतर मूत्रपिंडाचे काम मंदावले तर ते साचत जाते आणि, क्वचितच का होईना, लॅक्टिक ॲसिडोसिस हा रक्तात आम्ल साचण्याचा जिवावर बेतणारा विकार होऊ शकतो. अडचण अशी, की ‘मेटफॉर्मिन घेता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारा रुग्ण ग्लायकोमेट-जीपी किंवा जॅन्युमेट घेत असू शकतो, आणि या दोन्हींत मेटफॉर्मिन असतेच. गोळ्यांची पाकिटे सोबत आणा, हे वेळ ठरवतानाच फोनवर मराठीत सांगायला खर्च तो कोणता?

याचा अर्थ सरसकट सर्वांची गोळी बंद करावी असा नव्हे. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीच्या मार्गदर्शनानुसार ईजीएफआर (मूत्रपिंड रक्त किती गाळते हे दाखवणारा रक्ततपासणीतील आकडा) ३० किंवा अधिक असेल आणि मूत्रपिंडाला तीव्र इजा झालेली नसेल, तर शिरेतील कॉन्ट्रास्टसाठी मेटफॉर्मिन थांबवावे लागत नाही. त्याखाली मात्र ते थांबवून, ४८ तासांनंतर मूत्रपिंड ठीक असल्याची खात्री झाल्यावरच पुन्हा सुरू करायचे असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची २०१६ची सूचना याहून सावध असून ३० ते ६० दरम्यानच्या रुग्णांनाही मेटफॉर्मिन थांबवायला सांगते. कोणता निकष लावायचा हे डॉक्टरांनी ठरवावे. मात्र आमच्या ओळखीचे एक गृहस्थ ‘गोळी बंद’ एवढेच ऐकून घरी आले आणि ती पुन्हा केव्हा घ्यायची हे कोणीच न सांगितल्यामुळे साखर बरीच चढेपर्यंत तसेच राहिले.

रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल, एटेनोलॉल यांसारखे बीटा ब्लॉकर घेणाऱ्यास कॉन्ट्रास्टची तीव्र ॲलर्जी आली, तर अशा वेळी जीव वाचवण्यासाठी देतात त्या ॲड्रेनॅलिनच्या इंजेक्शनचा परिणाम अपुरा पडू शकतो. या गोळ्या रुग्णाने आपल्या मनाने बंद करू नयेत, पण त्यांची नोंद इंजेक्शन देणाऱ्याच्या समोर असली पाहिजे.

तेव्हा केंद्रांनी संमतिपत्र मराठीतही द्यावे, त्यात औषधांचा स्वतंत्र रकाना ठेवावा आणि थांबवलेली गोळी कोणत्या तपासणीनंतर, कोणाला विचारून सुरू करायची हे अहवालासोबत लिहून द्यावे, ही विनंती.

– एक निवृत्त औषधविक्रेता, कोथरूड, पुणे