बिबट्याला भूल दिलीच आहे, तर तोंडही बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

निफाड-सिन्नरच्या उसातला बिबट्या पिंजऱ्यात अडकला की फोटो छापून येतो, दोन दिवस चर्चा होते आणि विषय मिटतो. पुढे तो निवारा केंद्रात वर्षानुवर्षे राहिला तर त्याच्या तोंडाकडे कोण बघतं?

मी निवृत्त पशुवैद्यक. कुत्र्यांच्या पिल्लांच्या तोंडात विषाणूमुळे येणाऱ्या चामखिळी खूप पाहिल्या. त्या बहुधा दोन-तीन महिन्यांत आपोआप झडतात. हिमबिबट्यांचं तसं झालं नाही. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत त्यांच्या तोंडात, कातडीवर पॅपिलोमा, म्हणजे चामखिळी आणणाऱ्या विषाणूच्या गाठी आल्या आणि काहींना त्याच जागी कॅन्सर झाला. हिमबिबट्या म्हणजे आपल्या बिबट्याचा चुलतभाऊच. याच कुळातले काही विषाणू माणसांत गर्भाशयमुखाचा कॅन्सर करतात. ते दाखवणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं.

हा विषाणू शिरतो तो बारीक जखमेतून. पिंजऱ्याचे गज चावून सुळे मोडलेला, हिरड्या फाटलेला बिबट्या ज्यांनी पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको. शिवाय जंगलात बिबट्या म्हातारा होईपर्यंत क्वचितच जगतो, पिंजऱ्यात जगतो. कॅन्सरला वय लागतं.

एक चूक माझीही सांगतो. पाळीव मांजरीचा हलणारा दात मी काढून दिला, वर गोळ्या दिल्या. जखम भरेना. महिन्याने कळलं, दात हलत होता तो खालच्या गाठीमुळे. लाळ गळणं, एका बाजूने चावणं, तोंडाला घाण वास, सगळं दातदुखीसारखंच दिसतं.

म्हणून वनखात्याला विनंती: ओळखीची चिप बसवायला किंवा उपचाराला बिबट्याला भूल देताच ना? मग पाचच मिनिटं जास्त घ्या. जीभ उचलून खाली बघा, हिरड्यांचे फोटो काढून ठेवा, पुढच्या वेळी ते ताडून बघा. तीन आठवड्यांत न भरलेल्या जखमेचा तुकडा तपासणीला पाठवा, नुसती प्रतिजैविकं देत बसू नका. मेलेल्या बिबट्याच्या शवविच्छेदनातही तोंडाची वेगळी नोंद हवी.

पिंजरे धुणाऱ्यांनी मात्र घाबरू नये. हे विषाणू सहसा आपापली जात सोडत नाहीत. त्यांच्या तोंडाला खरा धोका खिशातल्या तंबाखूच्या पुडीचा आहे.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यक,
पंचवटी, नाशिक