अ‍ॅनोरेक्सिया म्हणजे मुलींचे बारीक होण्याचे खूळ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पुरवणीत अलीकडेच अ‍ॅनोरेक्सिया या आजारावर एक लेख प्रसिद्ध झाला. मराठी वृत्तपत्रांत या विषयाला एवढी जागा क्वचितच मिळते, त्यामुळे आभार मानावेत की तक्रार करावी हे लेख वाचून मला ठरवता येईना. झिरो फिगरच्या मागे लागलेल्या महाविद्यालयीन मुलींचे खूळ, यापलीकडे लेख गेला नाही. पुरुषांचा त्यात उल्लेखही नव्हता, आणि हाडे मोजता येतील अशा एका तरुणीच्या छायाचित्राने अर्धे पान व्यापले होते. मी जिल्हा रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून नोकरी करून निवृत्त झाले आहे. असे रुग्ण माझ्याकडे फार आले नाहीत, पण जे आले त्यांच्या घरच्यांना नेमके काय झाले आहे हे कळायला बहुतेक वेळा फार उशीर झालेला असे. हा आजार मोठ्या शहरांतल्या श्रीमंत घरच्या मुलींनाच होतो ही समजूत त्या उशिराला पुष्कळ अंशी कारणीभूत होती, आणि आपल्या लेखाने ती आणखी घट्ट केली आहे.

या आजारात व्यक्ती स्वतःला पुरेसे अन्न मिळू देत नाही, वय आणि उंचीच्या मानाने वजन धोकादायक पातळीपर्यंत उतरते, आणि तरीही त्यातले गांभीर्य तिला जाणवत नाही. भूक मेलेली असते असे नाही. निदान सुरुवातीला तरी ती कडकडून लागत असते, पण ती दाबता येते यातच रुग्णाला एक विलक्षण आधार वाटू लागतो. काही जण केवळ खाणे कमी करत जातात, तर काही मधूनच भरपूर खाऊन ते ओकून किंवा रेचके घेऊन बाहेर काढू पाहतात. अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०११ साली प्रसिद्ध झाले, त्यात या रुग्णांचा मृत्युदर त्याच वयाच्या इतरांच्या जवळपास सहापट आढळला आणि दर पाच मृत्यूंपैकी एक आत्महत्येमुळे झालेला होता. मनाच्या आजारांत इतका जीवघेणा आजार विरळाच, आणि म्हणून त्याला खूळ म्हणणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

आता पुरुषांविषयी. इंग्लंडमधील वैद्य रिचर्ड मॉर्टन यांनी १६८९ साली क्षयावरील आपल्या ग्रंथात, क्षय नसतानाही अन्न सोडून झिजत गेलेल्या दोन रुग्णांचे वर्णन केले. त्यांतील एक अठरा वर्षांची मुलगी होती आणि दुसरा एका धर्मोपदेशकाचा सोळा वर्षांचा मुलगा होता. मुलगी दगावली. मुलाला अभ्यास बाजूला ठेवून गावच्या हवेत राहायला, घोड्यावर रपेट करायला आणि दूध घ्यायला सांगितले गेले, आणि तो पुष्कळसा सुधारला. पुढे १८७३ साली लंडनचे विल्यम गल यांनी या आजाराला आजचे नाव दिले, तेव्हा हा आजार पुरुषांतही आढळतो हे त्यांनी स्पष्ट लिहिले होते. तरीही पुढची शंभर-सव्वाशे वर्षे तो बायकांचाच मानला गेला. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदान-नियमावलीत २०१३ पर्यंत स्त्री रुग्णासाठी सलग तीन पाळ्या चुकणे हा निकष होता आणि पुरुषांसाठी त्याला समांतर असे काहीच नव्हते. ज्या आजाराच्या निकषांतच पाळी आहे, त्याचा संशय मुलाच्या बाबतीत घ्यावा हे डॉक्टरला तरी सुचणार कसे? अमेरिकेतील एका मोठ्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार आयुष्यात केव्हा ना केव्हा हा आजार झालेल्यांचे प्रमाण स्त्रियांत ०.९ टक्के आणि पुरुषांत ०.३ टक्के होते. म्हणजे दर चार रुग्णांमागे एक पुरुष असतो, पण दवाखान्याची पायरी चढणाऱ्यांत तो तेवढ्या प्रमाणात दिसत नाही.

मुलांमध्ये या आजाराचे रूपही अनेकदा वेगळे असते. मुलीला बारीक व्हायचे असते, तर मुलाला चरबीचा अंश नसलेले, पिळदार शरीर हवे असते. तो आधी गोड सोडतो, मग तेल-तूप, मग भात-पोळी, आणि सकाळ-संध्याकाळ जिममध्ये किंवा मैदानावर स्वतःला पिळून काढतो. घरात त्याचे कौतुकच होते, कारण मोबाइल सोडून पोरगा व्यायामाला लागला याहून आईवडिलांना आणखी काय हवे असते? वजनी गटांत उतरणारे मल्ल व मुष्टियोद्धे, घोड्यांच्या शर्यतीतील जॉकी आणि लांब पल्ल्याचे धावपटू यांच्यात तर उपाशी राहणे हा खेळाचाच भाग मानला जातो. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस अवघ्या काही आठवड्यांत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर वजन उतरवताना मरण पावले, तेव्हा कोठे तिथले नियम बदलले. स्पर्धेपुरते वजन उतरवणे म्हणजे अ‍ॅनोरेक्सिया नव्हे, हे मान्य आहे. परंतु ज्याच्या प्रकृतीत या आजाराची बीजे आहेत त्याच्यासाठी हाच त्यात शिरण्याचा दरवाजा ठरू शकतो, आणि आमच्याकडे गावोगावी तालमी असूनही वस्तादांशी याविषयी कोणी बोललेले मी ऐकलेले नाही.

उपासमार माणसाच्या मनाचे काय करते, हे समजून घेतल्याशिवाय या रुग्णांचे वागणे कळणे अशक्य आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र धरण्यास तत्त्व म्हणून नकार दिलेले हे सगळे पुरुष स्वखुशीने सहभागी झाले होते, आणि युरोपातील उपाशी जनतेला पुन्हा अन्नावर कसे आणावे हे शोधणे हा प्रयोगाचा उद्देश होता. त्यांना सहा महिने निम्म्या पोटी ठेवण्यात आले. त्यांच्यापैकी कोणालाही बारीक व्हायचे नव्हते, तरीही काही आठवड्यांतच त्यांचे सारे विचार अन्नाभोवती फिरू लागले. ते पाककृतींची पुस्तके जमवू लागले, ताटातला घास घास चिवडत जेवण लांबवू लागले, ताटल्या चाटू लागले. त्यांना सतत थंडी वाजे, कामेच्छा उरली नव्हती, माणसांत मिसळणे नकोसे झाले होते, चिडचिड आणि उदासी वाढली होती, आणि पुन्हा पोटभर अन्न मिळू लागल्यावरही मन पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागले. मुलगी घरच्यांना आग्रह करकरून पदार्थ वाढते पण स्वतः पानावर बसत नाही, एक पोळी तासभर खाते, मैत्रिणी तोडते, क्षुल्लक गोष्टीवरून आकांत करते, तेव्हा घरचे तिला हट्टी, नाटकी म्हणतात. वास्तविक त्यातले पुष्कळसे वागणे उपाशी मेंदूचे असते. उपासमारीतून हा विचारांचा फेरा पक्का होतो आणि त्या फेऱ्यातून पुन्हा उपासमार, त्यामुळे ‘आधी तिचे मन तयार होऊ दे, मग ती आपोआप खाईल’ हा समजूतदार वाटणारा सल्ला या आजारात उलटतो.

मग हे सुरू का होते? याचे एकच एक कारण नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे दिसले आहे. सुमारे सतरा हजार रुग्णांच्या जनुकांचे विश्लेषण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात या आजाराचा संबंध मनोविकारांबरोबरच शरीराच्या चयापचयाशीही असल्याचे आढळले. वजन घटल्यावर बहुतेकांचे शरीर ते भरून काढण्यासाठी धडपडते, काहींचे मात्र तसे करत नसावे, असा तर्क त्यावरून मांडला गेला आहे. त्यावर स्वभावाची भर पडते. सगळे अचूक हवे असणारी, चूक सहन न होणारी, आतून धास्तावलेली मुले यात अधिक सापडतात, आणि ती बहुधा वर्गातली हुशार, शिस्तीची, कोणाला त्रास न देणारी असतात. वयात येणे, दहावी-बारावीचा ताण, वसतिगृहात जाणे, एखादे आजारपण किंवा कोणी सहज मारलेला टोमणा यांपैकी काहीही निमित्त पुरते. माध्यमांचाही वाटा आहेच. फिजीच्या नाद्रोगा भागात १९९५ साली टेलिव्हिजन पोहोचले आणि तीन वर्षांनी तिथल्या शाळकरी मुलींत, पूर्वी न आढळणारे, वजनासाठी मुद्दाम ओकण्याचे प्रकार दिसू लागले. मात्र तेच पडदे सगळ्याच मुली पाहतात आणि हा आजार थोड्यांनाच होतो, हे विसरता कामा नये. आईवडिलांच्या संगोपनामुळे तो होतो, या जुन्या आरोपाला तर आता आधार उरलेला नाही.

आपल्याकडे आणखी एक गुंतागुंत आहे आणि आपल्या लेखात तिचा मागमूसही नव्हता. हाँगकाँगमधील ७० रुग्णांच्या १९९३ मधील अभ्यासात निम्म्याहून अधिक रुग्णांना जाड होण्याची भीती मुळी नव्हतीच. पोट फुगते, भूक लागत नाही, अशी कारणे ते सांगत. दिल्लीच्या डॉक्टरांनी १९९५ साली पाच तरुणींची हकिकत प्रसिद्ध केली, तिच्यातही हाच अनुभव होता. माझ्याकडे आलेले रुग्णही ‘मला बारीक व्हायचे आहे’ असे क्वचितच म्हणत. त्यांची तक्रार अ‍ॅसिडिटीची, मळमळीची, दोन घासांत पोट गच्च होण्याची असे. ती खोटीही नसे, कारण उपासमारीत जठर खरोखरच मंदावते. मग एन्डोस्कोपी होते, सोनोग्राफी होते, सगळे रिपोर्ट चांगले येतात आणि घरचे सुटकेचा श्वास टाकतात, वास्तविक आजार बळावलेला असतानाही रक्ताचे रिपोर्ट चांगले येऊ शकतात. कोणी दृष्ट काढतो, कोणी लग्न करून टाकायला सांगतो. उपवासांच्या आडही हे सहज लपते. संकष्टीला एकादशीची जोड मिळते, मग सोमवार, मग गुरुवार, आणि धार्मिक वळणाची मुलगी म्हणून शेजारीपाजारी तिचे गुण गातात. उपवास करणारा माणूस साबुदाण्याच्या खिचडीची आणि दुसऱ्या दिवशीच्या पारण्याची वाट पाहतो. जिला खिचडीही नको, भगरही नको आणि पारणेही नको, तिचा उपवास देवासाठी आहे की कसे, हे घरच्यांनी तपासायला हवे.

शरीरावरचे परिणाम स्त्री-पुरुषांत बव्हंशी सारखेच असतात. नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, चक्कर येते, हातपाय गार पडतात, डोक्यावरचे केस गळतात आणि अंगावर मऊ लव येते. ओकाऱ्या व रेचकांमुळे रक्तातले पोटॅशियम घटून हृदयाची लय अचानक बिघडू शकते. मुलीची पाळी थांबते, आणि ही एक खूण तरी आईच्या लक्षात येते. मुलाचे टेस्टोस्टेरॉन तसेच घटते, पण त्याची दृश्य खूण नसते आणि तो स्वतःहून सांगतही नाही. हाडे भरण्याचे वय हेच असल्याने दोघांचीही हाडे पोकळ राहतात, आणि वजन परत आले तरी हे नुकसान पूर्ण भरून निघेलच असे नाही.

उपचार आहेत, आणि सुमारे निम्मे रुग्ण पूर्ण बरे होतात. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात विकसित झालेल्या कुटुंबाधारित उपचारात काही काळ जेवणाची सारी सूत्रे आईवडिलांच्या हाती दिली जातात, आणि किशोरवयीन मुलांत ही पद्धत चांगली उपयोगी पडते. एक सावधगिरी मात्र हवी. फार दिवस उपाशी असलेल्या रुग्णाला घरीच एकदम भरपेट खायला घालू नये. त्याने रक्तातले फॉस्फेट झपाट्याने घसरून जिवावर बेतू शकते, म्हणून सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावी.

आपल्याकडे माझी मागणी साधी आहे. या आजारावरील मजकुरासोबत खंगलेल्या शरीरांची छायाचित्रे छापू नयेत आणि किलो वा कॅलरीचे आकडे देऊ नयेत, कारण आजारात अडकलेल्या वाचकासाठी ते गाठण्याचे लक्ष्य ठरतात. याच कारणाने या पत्रातही मी ते टाळले आहेत. त्याच पुरवणीत शेजारच्या पानावर ‘महिनाभरात वजन उतरवा’ अशी जाहिरात होती, तिचाही फेरविचार व्हावा. शाळांतील आरोग्य तपासणीत मुलांचे वजन नोंदवले जाते, पण ते गेल्या वर्षीच्या नोंदीशी ताडून पाहिले जाते का, याची बातमी आपल्या वार्ताहरांनी जरूर करावी. वाढत्या वयात वजन जागच्या जागी थांबणे हीदेखील धोक्याची सूचना असते. आणि पुढच्या लेखाखाली केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक ठळक छापावा. तिथे मराठीत बोलता येते, आणि मुलग्यांच्या पालकांनीही फोन करावा असे त्याखाली स्पष्ट लिहावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आहारतज्ज्ञ, सांगली