ग्रीकटाउन: पाट्यांमागची वस्ती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत टोरंटोच्या ग्रीकटाउनविषयी आलेला प्रवासलेख वाचला. डॅनफोर्थ अ‍ॅव्हेन्यूवर आता ग्रीक माणूस औषधालाही सापडत नाही, उरली आहेत ती उपाहारगृहे आणि ग्रीक अक्षरांतल्या पाट्या, असा त्या लेखाचा सूर आहे. गेली २८ वर्षे मी या रस्त्यापासून दोन गल्ल्यांवर राहते आणि हा निष्कर्ष घाईने काढलेला आहे, असे मला मनापासून वाटते.

मुळात ही वस्ती सुखासुखी वसलेली नाही. ऑगस्ट १९१८ मध्ये, एका ग्रीक उपाहारगृहात जखमी सैनिकाचा अपमान झाल्याची आवई उठल्यावर, हजारोंच्या जमावाने टोरंटोच्या मध्यभागातील ग्रीकांची दुकाने आणि खाणावळी फोडल्या. पहिल्या महायुद्धात ग्रीस बराच काळ तटस्थ राहिला होता, हा राग त्यामागे होता. त्याच वर्षी डॉन नदीच्या खोऱ्यावरचा मोठा पूल खुला झाला आणि पलीकडचा डॅनफोर्थ शहराच्या आवाक्यात आला. तरी ग्रीकांचा मोठा लोंढा येथे आला तो दुसरे महायुद्ध आणि त्यानंतरचे यादवी युद्ध यांनी ग्रीसमधील गावेच्या गावे उद्ध्वस्त केल्यावर, १९५० आणि १९६० च्या दशकांत. एप्रिल १९६७ मध्ये अथेन्समध्ये लष्कराने सत्ता बळकावल्यावर त्यात राजकीय निर्वासितांची भर पडली. पुढे १९८१ मध्ये ग्रीसचे पंतप्रधान झालेले आंद्रेआस पापांद्रेऊ त्या काळात टोरंटोच्या यॉर्क विद्यापीठात शिकवत होते. डॅनफोर्थवरच्या कॉफीच्या अड्ड्यांवर, ज्यांना ग्रीक लोक ‘काफेनिओ’ म्हणतात, त्या दिवसांत लष्करशाहीवरून कसे कडाक्याचे वाद होत, हे जुनी मंडळी अजून रंगवून सांगतात.

हे काफेनिओ मात्र खरोखरच नाहीसे होत चालले आहेत आणि तेवढ्यापुरते लेखकाचे म्हणणे मला मान्य आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या काफेनिओत निवृत्त गवंडी, स्वयंपाकी आणि कारखान्यातले कामगार एका कॉफीवर तीन-तीन तास तावलीचा डाव मांडून बसत. सोंगट्या पटावर आपटल्याचा आवाज फुटपाथवर ऐकू येई. आज तेथे व्यायामशाळा आहे. याचे खापर नव्या पिढीच्या उदासीनतेवर फोडणे सोपे आहे, पण कारण फार रोकडे आहे. आमच्या ऑन्टारिओ प्रांतात मालमत्ता कराची आकारणी बाजारभावावर होते आणि मेट्रो स्थानकालगतच्या दुमजली दुकानाच्या जागी उद्या किती मजले उठू शकतील, याचे मोलही त्या बाजारभावात शिरते. दुकानांच्या भाडेकरारांत हा कर, विमा आणि देखभालीचा खर्च बहुधा भाडेकरूच्याच माथी असतो. एका कॉफीवर तीन तास बसणाऱ्या गिऱ्हाइकांच्या जिवावर असा खर्च कोणाला पेलणार? आता डॅनफोर्थवरच्या पेप स्थानकापाशी ‘ऑन्टारिओ लाइन’ या नव्या मेट्रो मार्गिकेचे खोदकाम चालू आहे; ती पूर्ण झाल्यावर हा भार हलका होईल, असे मानायला जागा नाही.

दुकाने गेली म्हणून माणसे गेली, असे मात्र होत नाही. आमच्या शेजारी उत्तर ग्रीसमधील फ्लोरिनाजवळच्या एका खेड्यातून आलेल्या आजी राहतात. माझी मुले त्यांना ग्रीक रिवाजाप्रमाणे ‘याया’ म्हणत लहानाची मोठी झाली. त्यांच्या परसात अंजिराचे झाड आहे. टोरंटोच्या थंडीत अंजीर तग धरत नाही, म्हणून दर नोव्हेंबरात याया त्याच्या फांद्या सुतळीने आवळून बांधतात, एका बाजूची मुळे मोकळी करतात, झाड हळूहळू वाकवून खड्ड्यात आडवे करतात आणि त्यावर पालापाचोळा, फळ्या व माती घालतात. एप्रिलअखेर ते पुन्हा उभे करायचे. गेली काही वर्षे गुडघे साथ देत नसल्याने याया खुर्ची टाकून बसतात आणि त्या सांगतील तसे काम माझा मुलगा आणि मार्कमहून शनिवारी येणारा त्यांचा नातू करतात. उपनगरात राहायला गेलेल्या पिढीचे डॅनफोर्थशी नाते असे टिकून आहे. ते टिपायला जेवणाची एक दुपार पुरत नाही.

लेखकाने गॉफ अ‍ॅव्हेन्यूवरच्या सेंट आयरीन चर्चचा उल्लेखही केलेला नाही, याचे मला विशेष वाईट वाटले. ऑर्थोडॉक्स पंथाच्या गुड फ्रायडेच्या रात्री फुलांनी मढवलेला ‘एपिताफिओस’, म्हणजे ख्रिस्ताच्या समाधीचे प्रतीक, खांद्यावर घेऊन मिरवणूक निघते, हातात मेणबत्त्या घेतलेली माणसे शोकगीते गात चालतात आणि त्यात आजोबांचे बोट धरलेली, ग्रीक धड बोलता न येणारी नातवंडेही असतात. डाउनटाउनमधील बाँड स्ट्रीटवरचे सेंट जॉर्ज चर्च तर मुळात ज्यूंचे सिनेगॉग होते. ते १९३७ पासून ग्रीकांचे प्रार्थनास्थळ झाले, म्हणजे मंदीच्या त्या दिवसांतही या मंडळींनी आपल्या हक्काच्या वास्तूचा ध्यास सोडला नाही. आपल्याकडे चाकरमान्यांची जशी ग्रामस्थ मंडळे, तशी ग्रीकांची गावागावांची, प्रांताप्रांतांची मंडळे आहेत आणि त्यांतल्या काहींनी पूर्वीच, जागा परवडत होत्या तेव्हा, वर्गणी काढून स्वतःचे सभागृह घेतले. भाड्याचे काफेनिओ उठले, पण मालकीच्या चर्चमध्ये आणि सभागृहांत ग्रीक भाषेचे वर्ग, बारशी, लग्ने आणि मर्तिकानंतरची कॉफी आजही चालू आहे. १९९४ पासून भरणाऱ्या ऑगस्टमधल्या खाद्यमहोत्सवाला लाखोंची गर्दी लोटते. तो व्यापाऱ्यांचा उत्सव आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण त्याची गर्दी वाढली किंवा घटली यावरून ग्रीक समाजाची प्रकृती जोखू नये.

हे सारे इतक्या तपशिलाने लिहिण्याचे कारण आमच्या घरातलेच आहे. डॅनफोर्थच्या दक्षिणेला, चालत जाण्याच्या अंतरावर, जेरार्ड स्ट्रीटवर १९७२ मध्ये सुरू झालेल्या नाझ चित्रपटगृहाभोवती भारतीय बाजार उभा राहिला. येथे नवे असताना आम्ही कढीपत्ता, तूरडाळ आणि पोह्यांसाठी तेथेच जात असू. आता बहुतेक भारतीय कुटुंबे शहराबाहेर ब्रॅम्प्टन आणि मिसिसागात राहतात आणि तो बाजार ओसरत चालला आहे. आमचा गणेशोत्सव तर अजून भाड्याच्या शाळेत होतो, मखर वर्षभर कोणाच्या तरी तळघरात पडून असते आणि रात्री दहाला शाळेचा शिपाई दिवे घालवायला येतो. स्वतःच्या वास्तूचा विषय दर वार्षिक सभेत निघतो आणि ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणून बाजूला पडतो. कारखान्यात पाळी करणाऱ्या आणि हॉटेलात भांडी घासणाऱ्या ग्रीकांनी तो पहिल्याच पिढीत तडीस नेला. आपल्यातल्या बहुतेकांची परिस्थिती त्यांच्यापेक्षा किती तरी बरी आहे.

वर्गण्या कशा जमवल्या, कर्ज कोणाच्या नावावर काढले, विश्वस्त कसे नेमले, हे सांगू शकणारी तेव्हाची माणसे आज ऐंशी-नव्वदीत आहेत. त्यांतल्या काहींशी यायांच्या ओळखीने माझे बोलणे होऊ शकते. येथील मराठी मंडळांपैकी कोणाला त्यांची भेट घ्यायची असेल, तर मी आनंदाने सोबत येईन; हा हिवाळा सरण्याच्या आत ते व्हावे, असे वाटते.

आपली,
एक वाचक, टोरंटो