बचत गटातील सर्व ताई-मावशींसाठी सूचना : छातीत कळ आली नाही तरी हार्ट अटॅक असू शकतो

कापूस वेचणीचे दिवस आहेत. पाठ भरून येणे, थकवा, जळजळ हे आपण अंगावर काढतो. माझ्या मोठ्या जावेनेही काढलं. जबडा आणि पाठ दुखत होती, मळमळत होतं. पित्त झालं म्हणून तिने ओवा खाल्ला, ओट्यावर पडून राहिली. दवाखान्यात नेलं तेव्हा अर्धा दिवस गेला होता. म्हणून हे लिहिते आहे.

बाईलाही छातीत दुखतं, पण पुष्कळदा कळ नसून दडपण किंवा आवळल्यासारखं वाटतं. कधी त्रास मान, जबडा, खांदा, हात, पाठीचा वरचा भाग किंवा पोटाच्या वरच्या बाजूला होतो. सोबत दम लागतो, थंड घाम सुटतो, उलटी होते, चक्कर येते. काहींना आधी कित्येक दिवस विनाकारण थकवा असतो, झोप लागत नाही. शुगर असलेल्या बाईला कधी कधी दुखणं जाणवतही नाही, तिच्यावर जास्त लक्ष ठेवा. बीपी असलेल्या, पाळी गेलेल्या, तंबाखू-खर्रा खाणाऱ्या किंवा मिश्री लावणाऱ्या बायांनीही जपावं.

अशी लक्षणं अचानक आली, तर धनी शेतातून येईपर्यंत थांबू नका. लगेच १०८ ला फोन करा. ती ॲम्ब्युलन्स फुकट असते. चालत किंवा मोटरसायकलवर जाऊ नका. दवाखान्यात “गॅस झाला” म्हणू नका, होतंय ते सगळं सांगा आणि ईसीजी काढायला सांगा.

सासूबाईंना आणि घरातल्या पुरुषांनाही हे वाचून दाखवा.

— सचिव