विंचवाच्या पाठीवर बिऱ्हाड मावेना

मस्कत,
९ मे

ती. स्व. दादा आणि वहिनींना,
सा. न. वि. वि.

आमच्या साइटवरचा कुडाळचा एक पोरगा रजेवर निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतोय. तिकडे पोचला की पोस्टात टाकेल. आता पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण फोनवर गाडीचा विषय काढला की तू नुसतं "बघू" म्हणतोस, मागून वहिनी "इनोव्हा घ्या" म्हणतात, आणि आई "सांभाळून चालव रे" म्हणते, जणू मी फोनवरच गाडी चालवतोय. पत्रात मला मधेच कुणी तोडत नाही.

तर, विंचू विकायचा ठरलाय.

२०१६ साली फियाटची आबार्थ पुंटो घेतली तेव्हा तू विचारलं होतंस, "एवढ्याशा गाडीला एवढे पैसे?" शोरूमची किंमत दहा लाखांना जेमतेम पाच हजार कमी, तेवढ्यात तेव्हा डिकीवाली सेदान येत होती. मी तुला १.४ लिटरचं टर्बो, १४५ पीएस, चारही चाकांना डिस्क ब्रेक असं पाठ केल्यासारखं सांगितलं होतं. तुला त्यातली एकच गोष्ट आवडली होती, की गाडी रांजणगावला बनते, म्हणजे आपल्याकडचीच. आईनं मात्र नाकावरचा विंचवाचा बिल्ला बघून हळदकुंकू लावायचं थांबवलं होतं. "देवाच्या नावाची गाडी मिळाली नाही का?" आठवतंय? शेवटी तिनं बिल्ल्याच्या बाजूला, जरा लांब, कुंकू लावलं.

गाडीबद्दल माझी तक्रार नाही, हे आधी लिहून ठेवतो. चोर्ला घाटात केरीहून वर चढताना दुसऱ्या गिअरमध्ये ती जे काही करते ते मला या वयात पुन्हा दुसऱ्या गाडीत मिळणार नाही. पण विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, आमच्या विंचवाच्या पाठीवर बिऱ्हाडच मावत नाही. पोरं मोठी झाली, मागच्या सीटवर दोघांचे गुडघे पुढच्या पाठीत रुततात. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला आत बसवायचं म्हणजे आधी पाठ, मग एक पाय, मग दुसरा पाय, आणि उतरवायचं म्हणजे विहिरीतून कळशी काढल्यासारखं. घरापर्यंतच्या चिऱ्यांच्या वाटेवर पावसाळ्यात ओहोळ पडले की पोट घासतं. गोव्यातले गतिरोधक तर तू पाहिलेच आहेस, ज्याला वाटेल तो आपल्या दारासमोर एक घालतो.

पण खरा निकाल गेल्या चवथीला लागला. चित्रशाळेतून गणपती आणायला मंजिरी विंचू घेऊन गेली, आणि पाटासकट मूर्ती काही केल्या मागच्या दारातून आत जाईना. मुकुट छताला लागत होता. देवाला आडवा करायचा नसतो. शेजाऱ्यांची ईको मागवली, त्यात देव आले, आणि मागून आमचा १४५ पीएसचा विंचू माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची, नारळ-सुपारी आणि कांगलं घेऊन रिकाम्या बैलगाडीसारखा आला. मी हे सगळं इथे व्हिडिओ कॉलवर बघत होतो. त्याच रात्री ठरवलं.

आता कुठली घ्यायची. तुझं उत्तर मला माहीत आहे: मारुतीची कुठलीही, पांढरी, पेट्रोल. दादा, त्यात वाईट काही नाही. पण एक गोष्ट लक्षात घे. मी वर्षातून पंचेचाळीस दिवस घरी असतो. बाकीचे तीनशेवीस दिवस ती गाडी मंजिरीची आहे. फोंड्याहून पणजीला रोज तीस किलोमीटर जायचं, तीस यायचं, म्हणजे नुसत्या नोकरीचंच वर्षाला चौदा-पंधरा हजार होतं. मला वाटलं होतं ती म्हणेल, "आता एखादी सोपी ऑटोमॅटिक आणा." ती म्हणाली, "डबा आणलात तर मी बसनं जाईन." बाणस्तारीच्या आसपास ट्रकला ओलांडताना पाय दाबला की गाडी गेली पाहिजे, तिथे विचार करत बसणारी गाडी तिला नको. दहा वर्षं विंचू चालवून तिची सवय बिघडलीय. बिघडवली मीच.

म्हणजे मागणी अशी: गणपती उभा मावला पाहिजे, आई खुर्चीत बसल्यासारखी बसली पाहिजे, आणि मंजिरीला बस आठवता कामा नये. नऊ लाखांच्या आत, सगळं धरून.

मी इथे रात्री जेवण झालं की याच उद्योगाला बसतो. बाहेर चाळीसच्या वर तापमान, दुसरं करणार काय! स्लाव्हिया १.५ पाहिली, दीडशे पीएस, डिकी ५२१ लिटरची. पण सेदान ती सेदान. तिच्या डिकीत तांदळाची पोती घाला, वरून झाकण बंद होतं, देव उभे राहणार नाहीत. शिवाय बजेटच्या बाहेर. ऑक्टाव्हिया जुनी झाली की स्वस्त मिळते, पण गाडी स्वस्त झाली म्हणून तिचे पार्ट स्वस्त होत नाहीत. पोलो जीटी म्हणजे पुन्हा तेच दुखणं, बिल्ला तेवढा वेगळा. बलेनो आरएस मला मनापासून आवडते, हलकी, साधी, १०२ पीएस. गणपती तिच्यातही नाही मावायचा.

म्हापशाला एक गाडी फार स्वस्त दिसली. मंजिरी बघायला गेली. रंग चकाचक, सीटना नवीन कव्हरं. तिनं शहाणपणानं आरसीचा जुना इतिहास मागितला तर मालक चाचपडायला लागला. गाडी आधी भाड्यानं जात होती. ते काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात ना, रेंट-अ-कॅबच्या गाड्यांना, तीच. नंतर खासगी करून घेतलेली. अशी गाडी म्हणजे दर चार दिवसांनी नवा पर्यटक, क्लच कसा सोडायचा हे प्रत्येकाचं वेगळं, आणि निम्मे समुद्राच्या वाळूत घालून आलेले. लोखंडाला मीठ लागलं की काय होतं ते तुला मी सांगायला नको, शिरोलीच्या फाउंड्रीत तुझा जन्म गेला. ती सोडली.

मडगावची एक्सयूव्ही ३०० मात्र चांगली आहे. १.२ लिटरचं टर्बोस्पोर्ट पेट्रोल, १३० पीएस, २०२२ ची, एकच मालक. मंजिरीनं बोरीच्या पुलापर्यंत चालवून पाहिली आणि मला फोन केला तेव्हा आवाजातच कळलं. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत या मॉडेलला पाच तारे मिळाले होते, मागची सीट ऐसपैस आहे, आई आरामात बसेल. खोट म्हणजे डिकी. अडीचशे लिटरच्या जरा वर, म्हणजे आपल्या विंचवापेक्षाही कमी! एवढी थोराड गाडी आणि डिकी म्हणजे देवळीच. मागची सीट पाडली की मूर्ती बसेल, पण मग मूर्तीला धरून कोण बसणार? आणि मालक साडेआठाच्या खाली उतरत नाही.

आता तुझं काम. तिसरी गाडी कोल्हापुरातच आहे.

राजारामपुरीतल्या एका डॉक्टरांची एस-क्रॉस. (प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरांचीच कशी असते, हे मला न सुटलेलं कोडं आहे.) २०१६ ची, पहिले मालक, ९२ हजार रनिंग, सव्वासहा मागतायत. मारुतीच आहे, तुझं समाधान होईल. पण ही १.३ वाली नाही, १.६ डिझेल आहे. ही गाडी २०१५ ते २०१७ एवढीच विकली. मारुतीच्या दुकानात तेवढी किंमत द्यायला लोक तयार नव्हते, कंपनीला काही महिन्यांतच ती उतरवावी लागली, पुढे नवं रूप आलं तेव्हा हे इंजिन बंदच केलं. ज्यांना कळलं त्यांनी घेतली आणि जपली.

आकड्यांत बघ. विंचवाची ताकद १४५ पीएस, हिची १२०. पण ओढ? विंचवाची २१२ न्यूटन-मीटर, हिची ३२०. आणि तीही पावणेदोन हजार आरपीएमला. म्हणजे शर्यतीचा बैल आणि मोटेचा बैल यात जो फरक, तोच. विंचवाला पळवायला आधी चेतवावं लागतं, ही भरल्या गाडीनिशी, आईची पिशवी, आंब्याची पेटी, पोरं असं सगळं घेऊन आंबोली चढून जाईल आणि गिअरसुद्धा मागणार नाही. सहा गिअर, चारही चाकांना डिस्क. डिकी ३५३ लिटर, जमिनीपासून उंची १८० मिलिमीटर, विंचवाची १५५ होती. आणि बसायची उंची अशी, की आईला वाकायलाही नको, चढायलाही नको.

खोटा आहेत, त्याही लिहितो, नाहीतर तू म्हणशील पोरगा भुलला. अठराशेच्या खाली इंजिन झोपलेलं असतं. फोंड्यात दादा वैद्य चौकातल्या गर्दीत मंजिरीला सारखा पहिला टाकावा लागेल. क्लच जड आहे आणि बदलायची वेळ आली तर खर्चिक. गाड्याच कमी विकल्या गेल्या, त्यामुळे या इंजिनाचे पार्ट प्रत्येक दुकानात नसतात. आणि १.३ ला टायमिंगची साखळी असते, या १.६ ला पट्टा आहे. ९२ हजारावर तो बदललाय का, बिल आहे का, एवढं विचार. नसेल तर तेवढे पैसे किमतीतून काप. पट्टा तुटला तर इंजिनच जातं, त्यात भिडेला जागा नाही.

बघायला जाशील तेव्हा सकाळी न सांगता जा, किंवा फोन करून सांग की गाडी सुरू करून ठेवू नका. बॉनेटला हात लाव, गार असलं पाहिजे. थंड इंजिन सुरू होतानाचा आवाज तुझ्याइतका कुणाला कळणार नाही. पहिल्या झटक्याला थोडा धूर चालेल, काळा किंवा निळा धूर सारखा येत राहिला तर चहा न पिता परत ये.

आणि कोल्हापूरची गाडी म्हटल्यावर पाणी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा कुठपर्यंत आली होती ते तू डोळ्यांनी पाहिलंस. ही गाडी दोन्ही पुरांच्या वेळी गावातच होती. बुडालेली गाडी धुऊन पुसून अशी करतात की वास येत नाही, पण सीटबेल्ट कुणी धूत नाही. चारही बेल्ट शेवटापर्यंत ओढून बघ. खालच्या टोकाला मातीची रेघ दिसली तर संपलं. सीटखालच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का बघ, स्टेपनी काढून तिच्या खालच्या खड्ड्यात बोट फिरव. डॉक्टरांना राग आला तर येऊ दे.

सगळं ठीक निघालं तर एमएच-०९ पासिंगची गाडी जीए-०५ करायची, म्हणजे कोल्हापूरच्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८. विक्रीचे २९ आणि ३० वेगळे. कर्ज फिटलेलं असेल पण आरसीवर बँकेचं नाव तसंच असेल तर ते आधी काढून घ्यायला सांग. गोव्यात टॅक्स पुन्हा भरावा लागेल, तो मी नऊ लाखांत धरलाय. महाराष्ट्रातला उरलेला परत मागता येतो, पण त्या पैशांवर मी अजून एक रुपयाही खर्च ठरवलेला नाही. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर, आणि डॉक्टरांचा नो क्लेम बोनस डॉक्टरांकडेच राहतो, तो गाडीबरोबर येत नाही. "बोनससकट देतो" असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून दे.

तुला आवडली तर रविवारी मंजिरीला बोलाव. ती येईल सकाळच्या गाडीनं, तिला चालवू दे. शेवटचं "हो" तिचं. मी फक्त पैसे पाठवणार, आणि पंचेचाळीस दिवसांतले पहिले चार दिवस इंडिकेटर समजून वायपर लावणार. इथे मस्कतला स्टिअरिंग डावीकडे आणि इंडिकेटरही डाव्या हाताला, मारुतीत तो उजव्या. उन्हात कोरड्या काचेवर वायपर फिरतात आणि धाकटी खदखदून हसते.

विंचवासाठी बेळगावचा एक पोरगा तयार आहे. किंमत विचारायच्या आधी त्यानं इंजिन सुरू करून ऐकलं, असं मंजिरी सांगत होती. त्याला देऊया, दहा-वीस हजार कमी आले तरी.

वहिनींना सांग, इनोव्हा नाही, पण हिच्यात त्यांच्या लोणच्याच्या बरण्या उभ्या राहतील. आईच्या गुडघ्याचा व्यायाम चालू आहे ना? ती "हो" म्हणाली तरी तू बघ.

तुझा,
धाकटा

ता. क. चित्रशाळेतून यंदाच्या मूर्तीची पाटासकट उंची मंजिरीनं आणलीय, ३१ इंच. जाताना टेप घेऊन जा. मागच्या सीटवरून छतापर्यंत आणि दाराची उंची, दोन्ही मोज.

आईला नव्या गाडीवर विंचू नाही एवढंच सांग. इंजिन त्याच फियाटच्या घरचं आहे, हे बोलू नकोस.